वडगावचा तह आणि फिलाडेल्फियाचा कागद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वडगाव मावळला विजयस्तंभ आहे. लोणावळ्याहून पुण्याकडे जुन्या रस्त्याने जाणाऱ्या अनेकांनी तो एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल. १७७९ च्या जानेवारीत मुंबईच्या इंग्रजांची फौज इथे कोंडीत सापडली आणि तिने महादजी शिंद्यांपुढे हार पत्करली, एवढं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण नेमक्या त्याच वर्षांत, त्याच इंग्लंडच्या राजाविरुद्ध अमेरिकेतही लढाई चालू होती, हे आपल्याला क्वचितच कुणी सांगतं. अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासातली माणसं, कायदे आणि विचार समजून घ्यायचे, तर मावळातल्या माणसाला थेट बोस्टनला जायची गरज नाही. वडगावहून निघालं तरी चालतं.

आधी वडगावची हकीकत. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं, असा मुंबईकर इंग्रजांचा बेत होता. १७७८ च्या नोव्हेंबरात सुमारे चार हजारांची फौज निघाली. तिच्यात गोरे थोडे, बाकी सगळे देशी शिपाई. सोबत तोफा आणि सामान ओढणारे हजारो बैल. डिसेंबर सरता सरता ही मंडळी भोर घाट चढून खंडाळ्याला आली आणि तिथून तळेगाव गाठायला त्यांना ९ जानेवारी उजाडली. आज लोकल तेवढ्या वेळात किती फेऱ्या करील, याचा हिशेब आपणच करा. वाटेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठ्यांनी त्याच्या शौर्याला दाद देऊन त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. शत्रूला असं प्रेमाचं नाव देणारी भाषा आपली आहे, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. वडगावात त्याची समाधी आजही दाखवतात.

इंग्रज तळेगावात पोचले तेव्हा गाव ओस आणि जळालेलं होतं. दाणा नाही, वैरण नाही. मराठ्यांनीच तशी व्यवस्था केली होती. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात लोटल्या आणि माघार घेतली. दुसऱ्या दिवशी वडगावला ते चारही बाजूंनी वेढले गेले. १६ तारखेला करार झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत करायचा, बंगालमधून येणारी फौज मागे फिरवायची, राघोबांना हवाली करायचं आणि दोन अधिकारी ओलीस ठेवायचे, असं ठरलं. पुढे कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने हा करार साफ नाकारला.

आता अमेरिकेकडे वळू. वडगावच्या सव्वा वर्ष आधी, १७ ऑक्टोबर १७७७ रोजी, न्यूयॉर्क प्रांतात साराटोगा इथे जनरल बर्गॉइनची इंग्रज फौज अशीच वेढली गेली आणि तिने शस्त्रं ठेवली. तिथेही करार झाला. फौजेने मायदेशी जायचं आणि या युद्धात पुन्हा अमेरिकेत यायचं नाही, ही त्याची अट. तो करारही मोडला. फरक इतकाच की वडगावचा करार हरलेल्यांनी मोडला आणि साराटोगाचा जिंकलेल्यांनी. अमेरिकन काँग्रेसने सैनिकांना जाऊच दिलं नाही. तेव्हा सगळा खोटेपणा एकट्या इंग्रजांच्या पदरात टाकून मोकळं होता येत नाही.

या दोन लढायांचा संबंध मी ओढूनताणून लावतो आहे असं वाटेल. पण साराटोगाची बातमी १७७८ च्या उन्हाळ्यात कलकत्त्याला पोचली तेव्हा हेस्टिंग्जने आपल्या सहकाऱ्यांपुढे मांडलेला विचार नोंदलेला आहे. पश्चिमेत राष्ट्राचं जे नुकसान झालं, ते पूर्वेत भरून काढणं हे इथल्या अधिकाऱ्यांचं कर्तव्य ठरतं, असा त्याचा आशय होता. अमेरिका हातची जाते आहे, तर हिंदुस्थान घट्ट धरा. पुण्यात तेव्हा सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस नाना फडणविसांकडे येऊन राहिला होता आणि नाना त्याचा उपयोग इंग्रजांना घाबरवायला करत होते. १७७८ च्या फेब्रुवारीत फ्रान्सने अमेरिकेशी उघड तह केला. पुण्यातला एक फ्रेंच आणि पॅरिसमधले बेंजामिन फ्रँकलिन यांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण लंडनच्या नकाशावर दोघं एकाच डोकेदुखीचे भाग होते.

त्या डोकेदुखीचं मूळ चहात होतं. १७६९-७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली आणि कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली. १७७३ साली ब्रिटिश पार्लमेंटने तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं. त्याच वर्षी दोन कायदे केले. एकाने हिंदुस्थानातल्या कंपनीच्या कारभारावर थोडा लगाम घातला. तो आपल्याला रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट म्हणून ठाऊक आहे. दुसरा चहाचा कायदा. लंडनच्या गोदामांत पडून राहिलेला कंपनीचा चहा थेट अमेरिकेत नेऊन स्वस्तात विकायची परवानगी त्याने दिली, मात्र पौंडामागे तीन पेन्सांचा कर कायम ठेवला. चहा स्वस्त होत असताना अमेरिकन का भडकले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. प्रश्न पैशांचा नव्हता. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिने आपल्यावर कर बसवायचा की नाही, हा वाद १७६५ च्या स्टॅम्प कायद्यापासून चालू होता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात लोकांनी ३४२ पेट्या चहा समुद्रात फेकला. चहा चीनचा, मालक ईस्ट इंडिया कंपनी.

त्याआधी काही दिवस फिलाडेल्फियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी टोपणनावाने एक पत्र छापलं होतं. या कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, असं त्यांनी आपल्या लोकांना बजावलं आणि बंगालच्या दुष्काळात मेलेल्यांचा आकडा पंधरा लाख सांगितला. म्हणजे मुर्शिदाबादकडच्या भुकेल्यांची गोष्ट अमेरिकन क्रांतीच्या युक्तिवादात आहे. आपल्याकडच्या कुणाला मात्र तिकडची गोष्ट तेव्हा सांगता आली नाही.

गंमत म्हणून आणखी एक सांगतो. १७८२ साली पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाने आपल्याहून बळकट इंग्रज जहाजाला हरवलं. त्या अमेरिकन जहाजाचं नाव होतं ‘हैदर अली’. म्हैसूरचा हैदर तेव्हा नानांच्या बाजूने इंग्रजांशी लढत होता. फिलिप फ्रेनो नावाच्या अमेरिकन कवीने त्या जहाजावर कविता लिहिली. अमेरिकेच्या किनाऱ्यावर बसून हैदरच्या नावाने कविता लिहिणारा माणूस मला, का कोण जाणे, जवळचा वाटतो.

१७८१ मध्ये कंपनीचा जनरल गॉडर्ड पुन्हा भोर घाटात आला. हरिपंत फडके आणि इतरांनी त्याला मार देत कोकणात परत घालवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिस वॉशिंग्टनला शरण गेला. १७८२ ला आपल्याकडे सालबाईचा तह झाला, १७८३ ला पॅरिसचा. इथवर दोन्ही गोष्टी जोडीने चालतात. मग १७८६ साली तोच पराभूत कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला येतो आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणपुढे टिपूविरुद्ध त्याच्या शेजारी छावणी असते ती हरिपंत फडक्यांची. १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं.

फरक कुठे पडला? लढण्यात नाही. वडगाव ही काही साराटोगाहून कमी लढाई नव्हती. नानांची बुद्धी फ्रँकलिनच्या तोडीची होती, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. पण पुण्यातला वाद गादीवर कोण बसणार याचा होता, राघोबा की सवाई माधवराव. फिलाडेल्फियात वाद चालला होता तो गादी हवीच कशाला, याचा. याचा दोष नानांना देणं अन्यायाचं ठरेल. व्हर्जिनियात १६१९ पासून निवडलेल्या प्रतिनिधींची सभा भरत होती. दीडशे वर्षं सभेत बसून भांडायची सवय असलेले ते लोक होते.

गादी कशाला, हा प्रश्न सर्वांत सोप्या भाषेत विचारला टॉमस पेनने. हा इंग्लंडात स्त्रियांच्या कंचुक्या शिवायचं काम शिकलेला माणूस. पुढे जकात खात्यात नोकरी, तीही गेली. १७७४ साली फ्रँकलिनचं शिफारसपत्र घेऊन तो फिलाडेल्फियाला आला आणि १७७६ च्या जानेवारीत त्याने ‘कॉमन सेन्स’ नावाची पुस्तिका काढली. राजाचा मुलगा राजा का, असा तिचा सवाल. ती विद्वानांसाठी लिहिलेली नव्हती. खाणावळींत, दुकानांत मोठ्याने वाचून दाखवता येईल अशी होती. सहा महिन्यांनी, ४ जुलै १७७६ ला, टॉमस जेफरसनच्या मसुद्यावर बेतलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा काँग्रेसने संमत केला. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत, त्यांचे काही हक्क कुणालाही काढून घेता येत नाहीत, सरकारला अधिकार मिळतो तो लोकांच्या संमतीतून आणि सरकार हे हक्क मोडत असेल तर ते बदलायचा अधिकारही लोकांचाच, असं त्यात म्हटलं आहे.

हे लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथी मारणारा एक परिच्छेद घातला होता. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या प्रतिनिधींना तो नको होता, म्हणून तो गाळला. त्याच वसंतात जॉन अ‍ॅडम्सला त्याच्या बायकोने, अबिगेलने, पत्रातून बजावलं होतं की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका. त्याने ते हसण्यावारी नेलं.

जाहीरनामा हा उद्गार होता, कारभार नव्हे. पहिली घटना १७८१ ला लागू झाली. ती इतकी ढिली की केंद्र सरकारला स्वतः कर बसवता येईना. युद्धात लढलेले शेतकरी कर्जात बुडाले, त्यांच्या जमिनी जप्त होऊ लागल्या आणि १७८६ ला मॅसेच्युसेट्समध्ये डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या नावाने ओळखलं जाणारं बंड झालं. पुढे १८७५ ला आपल्याकडे सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, तसाच हा प्रकार. शेतकऱ्यांनी न्यायालयं बंद पाडली. या बंडाने धनिक घाबरले आणि १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला ५५ प्रतिनिधी बंद खिडक्यांआड बसले. अध्यक्ष वॉशिंग्टन. आराखडा मुख्यतः जेम्स मॅडिसनचा. शेवटी ३९ जणांनी सह्या केल्या. कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे ठेवायचे आणि प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याला अडवायचं साधन द्यायचं, ही त्यातली मुख्य कल्पना. माणूस देवदूत नाही, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्द कुठे वापरला यापेक्षा तो कुठे टाळला याकडे माझं लक्ष आधी जातं. १७८७ च्या त्या मूळ मजकुरात ‘गुलाम’ हा शब्द एकदाही नाही. ‘इतर व्यक्ती’ आहेत, ‘कामाला बांधलेल्या व्यक्ती’ आहेत. प्रतिनिधींची संख्या ठरवताना या इतर व्यक्ती तीन-पंचमांश धरायच्या, असा नियम आहे. म्हणजे पाच गुलामांची तीन माणसं. तीही त्यांना मत देण्यासाठी नव्हे, त्यांच्या मालकांच्या प्रांताचं वजन वाढवण्यासाठी. पळालेल्या गुलामाला परत करायचं कलम आहे. गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत हात लावायचा नाही, हेही आहे. शब्द लिहायची लाज वाटली, व्यवहाराची नाही.

१७९१ मध्ये या घटनेला दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. भाषण, छपाई, धर्म, सभा, न्यायाची रीत, अशा हक्कांची ही सनद. तिच्यातली पाचवी दुरुस्ती मावळातल्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घ्यायची तर न्याय्य मोबदला द्यावा लागेल, असं ती सांगते. वळवण, शिरवता, पवना ही नुसती तलावांची नावं नाहीत, त्यांच्या तळाशी शेतं आहेत. पवनेचं पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. न्याय्य म्हणजे किती आणि सार्वजनिक म्हणजे कुणाचं, यावरची भांडणं अमेरिकेतही संपलेली नाहीत. आपल्या मूळ घटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत होता, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो साधा कायदेशीर हक्क झाला. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले होते आणि आमच्या तळेगाव दाभाड्यात त्यांचा बंगला होता. ‘आम्ही लोक’ ही दोन्ही घटनांची सुरुवात सारखी आहे. फरक असा की आपल्या कागदात पहिल्या दिवसापासून बाई आणि दलित दोघांनाही पूर्ण मत होतं.

धर्माबद्दलचा एक कायदा सांगायलाच हवा. जेफरसनने लिहिलेला आणि मॅडिसनने १७८६ ला व्हर्जिनियात मंजूर करून घेतलेला. कुणालाही कुठल्याही पंथाला पैसे द्यायला किंवा प्रार्थनेला जायला भाग पाडता येणार नाही आणि धर्मावरून कुणाचे नागरी हक्क कमी होणार नाहीत. चर्चेत कुणीतरी तिथे येशूचं नाव घालायची सूचना केली, ती फेटाळली गेली. जेफरसनने पुढे आत्मचरित्रात नोंदवलं की यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि काहीच न मानणारा, या सगळ्यांना कायद्याचं छत्र मिळावं असाच यामागे हेतू होता. त्याच्याकडे कुराणाचा इंग्रजी अनुवाद होता, त्याने तो १७६५ ला विकत घेतला होता. २००७ साली अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या मुसलमान सदस्याने, कीथ एलिसनने, त्याच प्रतीवर हात ठेवून शपथेचा समारंभ केला. ऐकायला छान वाटतं. पण आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांत कुराण शिकलेली माणसं होती. ओमर इब्न सईद नावाचा असा एक पंडित १८०७ ला चार्ल्स्टनच्या बंदरात उतरवला गेला आणि १८३१ ला त्याने स्वतःची हकीकत अरबीत लिहून ठेवली. मेला तोही गुलाम म्हणूनच. ग्रंथ कपाटात आणि तो वाचणारा शेतात, असा तो काळ होता.

तरीही त्या कागदांना मी ढोंग म्हणणार नाही. त्याचं कारण एक बाई आहे. मॅसेच्युसेट्सच्या शेफील्ड गावात बेट नावाची गुलाम बाई होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरधनिणीने तापलेलं फावडं उगारलं ते तिने हातावर झेललं आणि तो वण तिने जन्मभर झाकला नाही, असं सांगतात. १७८० मध्ये त्या राज्याची घटना झाली. मसुदा मुख्यतः जॉन अ‍ॅडम्सचा आणि सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असं पहिलंच कलम. ते मोठ्याने वाचलेलं बेटने ऐकलं आणि ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. मी मुकं जनावर नाही, मग हा कायदा मला लागू का नाही, असा तिचा रोख होता. १७८१ च्या ऑगस्टमध्ये पंचांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तीस शिलिंग भरपाईही मिळाली. मालकाने पगारावर परत ये म्हटलं, ती गेली नाही. एलिझाबेथ फ्रीमन असं नवं नाव घेऊन १८२९ पर्यंत जगली. त्या राज्यातली गुलामगिरी पुढच्या दोन-तीन वर्षांत अशाच निकालांनी मोडली. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बेट नव्हती. तिने ऐकलं आणि आपलं मानलं.

असंच ऐकणारा, खरं तर वाचणारा, माणूस पुण्यात निघाला. १८४७ साली, वयाच्या विशीत, जोतिराव फुल्यांच्या हाती टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ पडलं. पेनने ते १७९१-९२ ला एडमंड बर्कला उत्तर म्हणून लिहिलं होतं. हा बर्क म्हणजे वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटमध्ये खटला चालवणारा. जग तेव्हाही लहानच होतं. पेनचा प्रश्न जन्माने राजा का, हा होता. जोतिरावांनी तो इथे लावला, जन्माने उच्च का, जन्माने नीच का. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा निघाली.

१८६१ ला अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटली. दक्षिणेचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. त्या तेजीच्या ऐन भरात, २१ एप्रिल १८६३ ला, भोर घाटातली रेल्वे सुरू झाली. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तिच्यावर राबत होते. त्याच वर्षी १ जानेवारीला लिंकनने बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचं जाहीर केलं होतं.

१८७३ मध्ये, बोस्टनच्या चहाला बरोबर शंभर वर्षं होत असताना, जोतिरावांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. अर्पणपत्रिका अमेरिकेला आहे. वॉशिंग्टनला नाही, जेफरसनला नाही, लिंकनलाही नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या तिथल्या भल्या लोकांना ते पुस्तक अर्पण केलं आहे आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना मुक्त करावं, अशी इच्छा व्यक्त केली आहे. तोवर तिकडे घटनेच्या तीन दुरुस्त्या होऊन गेल्या होत्या. १८६५ ला गुलामगिरी बंद, १८६८ ला नागरिकत्व, १८७० ला काळ्या पुरुषांना मताचा हक्क. १८७७ नंतर दक्षिणेत तो हक्क दहशतीने आणि आडवळणाच्या कायद्यांनी पुन्हा हिरावला गेला. तो खऱ्या अर्थाने परत यायला १९६५ चा मताधिकार कायदा व्हावा लागला. जोतिराव १८९० साली गेले.